एका वेळी दोनच रंग: लहान मुलांसोबत रंग मिसळताना

लाल, पिवळा, निळा अशा तिन्ही बाटल्या एकदम मुलासमोर ठेवल्या की थोड्याच वेळात सगळ्याचा तपकिरी चिखल होतो. मूल खुशीत असतं, पण कशात काय मिसळलं म्हणून काय झालं, ते त्याच्या लक्षात येत नाही. म्हणून एका बैठकीला दोनच रंग. सुरुवात पिवळ्या-निळ्याने करा, हिरवा सहसा फसत नाही. मग पिवळा-लाल. जांभळा शेवटी.

दोन-तीन वर्षांच्या मुलांना पिशवीतला खेळ बरा. झिपवाल्या जाड, पारदर्शक पिशवीत एका कोपऱ्यात दोन चमचे पिवळा पोस्टर कलर घाला, दुसऱ्या कोपऱ्यात अर्धा चमचा निळा. हवा दाबून काढा, झिप लावा आणि तोंडावर रुंद चिकटपट्टी मारा. मुलांचं पहिलं लक्ष झिपकडेच जातं. पिशवी पांढऱ्या कागदावर ठेवून बोटांनी चेपायला द्या. रंग जास्त झाला तर बोटाची रेघ उमटत नाही. दोन रंग भिडतात तिथे आधी पोपटी पट्टा दिसतो. तो मुलालाच सापडू दे, "हिरवा झाला!" असं आपण ओरडायचं नाही.

चार वर्षांपुढच्यांना ड्रॉपर द्या. अर्धा कप पाण्यात खाण्याच्या रंगाचे पाच-सहा थेंब, असे दोन कप करा. बर्फाच्या पांढऱ्या ट्रेच्या चार खान्यांत एकेक चमचा पिवळं पाणी घाला. त्यात निळ्याचे थेंब: पहिल्यात एक, मग दोन, चार, आठ. एकाच ओळीत पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत छटा मिळतात. उलटं, म्हणजे निळ्यात पिवळा घालत बसलात, तर कितीतरी थेंब पडूनही फरक जाणवत नाही. फिक्यात गडद घालायचा, तो यासाठीच.

ड्रॉपर मात्र आधी साध्या पाण्यात शिकवा. बहुतेक मुलं तो पाण्यात दाबतात आणि दाबलेलाच बाहेर काढतात, मग आत काहीच येत नाही. "दाब, बुडव, सोड" एवढे तीन शब्द पुरतात. प्रत्येक रंगाला वेगळा ड्रॉपर हवा, नाहीतर पिवळा कप दोन मिनिटांत हिरवा.

जांभळा मळकट का होतो? भडक लालमध्ये बहुधा पिवळ्याची झाक असते, म्हणजे नकळत तीन रंग एकत्र येतात. त्याऐवजी गुलाबीकडे झुकणारा लाल, शक्यतो मजेंटा, वापरा; निळाही हिरवट नको. पोस्टर कलरचा जांभळा काळपट वाटला तर त्यात थोडा पांढरा घाला, लगेच उजळतो. ड्रॉपरच्या पाण्यात नुसतं पाणी वाढवलं तरी चालतं.

खाण्याचा रंग बोटांवर एखाद-दोन दिवस टिकतो आणि कपड्यांवरून बऱ्याचदा जातच नाही, तेव्हा जुने कपडे घाला. आणि तो तपकिरी चिखल? दोन-दोन रंगांच्या जोड्या करून झाल्या की एक दिवस तिन्ही बाटल्या देऊन तोही मुद्दाम करू द्या.