सादळलेली क्रीमची बिस्किटं पुन्हा कुरकुरीत

बडोद्याच्या पावसाळ्यात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा फोडला की उरलेली लगेच सादळतात. अशी बिस्किटं टाकू नका.

१. आधी १० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. क्रीम घट्ट झालं की दोन्ही बाजू हलकेच उलटसुलट फिरवून सोडवा आणि सुरीने क्रीम काढून घ्या. आच लागली की ते वितळतं, म्हणून ही खटपट.
२. जाड तव्यावर, अगदी मंद आचेवर, नुसती बिस्किटं ४-५ मिनिटं शेकवा. बोर्बनची साखरेची बाजू वरच हवी.
३. पूर्ण गार होऊ द्या, कुरकुरीतपणा तेव्हाच येतो. मग क्रीम लावा.

ऑरेंज आणि इलायची एका डब्यात ठेवू नका, वास मिसळतो.

जपून: चॉकलेटची काळी बिस्किटं करपली तरी रंगावरून कळत नाही. वासाकडे लक्ष ठेवा.