हॅमॉक घ्यायच्या आधी पाठीखालचं बघा

साम्रदला, सांदण दरीच्या गावात, डिसेंबरात पहिल्यांदा हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायची कापडी झोळी, टांगला तेव्हा रात्रभर कुडकुडले. अंगात जाड स्लीपिंग बॅग होती, तरी पाठ गार. आपल्या वजनाने बॅगेतलं भरण दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब हवेचीच असते. त्यात खालून वारा मोकळा.

म्हणून सुरुवातीला हॅमॉक साधाच घ्या, पैसे पाठीखालच्या उबेसाठी राखा. पॅराशूटच्या कापडाचा चालेल, फक्त लांबी तीन मीटरच्या आसपास हवी. आखूड घेतलात तर अंगाचं धनुष्य होतं. दोरी नकोच, ती झाडाची साल कापते. इंचभर रुंद पॉलिएस्टरचे पट्टे घ्या. नायलॉनचे ताणतात आणि पहाटे बूड जमिनीला.

झाडं चार-पाच मीटर अंतरावरची, जिवंत, मांडीएवढी तरी जाड. शेवगा नको, ठिसूळ असतो. आंब्यावर पानं शिवून केलेले गोळे दिसले तर गुपचूप पुढे चला, ओंबील, म्हणजे त्यातल्या लाल मुंग्या, कोणाची गय करत नाहीत. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय टांगू नका. मी गावातल्या एका मावशींना विचारून त्यांच्या बांधावर टांगते, जेवणही तिथंच.

नवखे हॅमॉक खाटेसारखा ताठ ओढतात. तसं करू नका. पट्टे जमिनीशी तीस अंशांत उतरू द्या. सत्तर किलोच्या माणसाचा तेव्हा प्रत्येक पट्ट्यावर सत्तर किलोच भार येतो. दहा अंशांत तोच दोनशेवर जातो. बसल्यावर पाय टेकले पाहिजेत. पायाकडची बाजू वीतभर उंच ठेवा आणि तिरके झोपा, पाठ सपाट होते. बाळाच्या झोळीसारखं सरळ झोपलात तर मान धरणार.

आता खर्चाचा क्रम. आधी ट्रेकची फोमची चटई, आहे तीच पाठीखाली सरकवा. रात्री घसरते, पण भागतं. मग मच्छरदाणी आणि ताडपत्री. पट्ट्याला ताडपत्रीच्या आत एक सुतळी लोंबती बांधा, पावसाचं पाणी तिथंच ठिबकतं. त्यानंतर अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून खाली लटकणारी रजई. ती दबत नाही, म्हणून उबदार. महाग वाटली तर पायाशीही चेन उघडणारी जुनी स्लीपिंग बॅग हॅमॉकवर पिशवीसारखी चढवा. मी दोन हिवाळे तसेच काढले.

हॅमॉक मात्र अजून तोच, पहिला. पायाकडे एक ठिगळ आहे.