कॉलेज आणि कंपनी एकाच वर्षात: रुजू होण्याआधीची तयारी

दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीनं ठाण्यात बी.एस्सी. करता करता नवी मुंबईतल्या महापेच्या एका कंपनीत शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) केली. यंदा आमच्या कळव्याच्या सोसायटीतली दोन मुलं त्याच वाटेनं निघाली आहेत. त्यांच्या आयांनी विचारलं, तयारी कुठून सुरू करायची? त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. आम्हाला उशिरा कळलेली गोष्ट आधी सांगते. परीक्षेची तारीख कॉलेज कंपनीला कळवत नाही आणि कामाची वेळ बदलली हे कंपनी कॉलेजला कळवत नाही. मधला निरोप्या म्हणजे आपलं मूल. बाकीची सारी तयारी या एका गोष्टीभोवती आहे.

पहिलं काम म्हणजे आपण नेमकं काय घेतोय ते प्राचार्यांच्या किंवा समन्वयकांच्या तोंडून स्पष्ट करून घेणं. ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे कामावरचं प्रशिक्षण), इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप हे तीन शब्द कॉलेजात सर्रास एकाच अर्थानं वापरतात, पण त्यांत मोठा फरक आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक क्रेडिट (श्रेयांक) म्हणजे शिकण्याचे तीस तास. चार क्रेडिटची ओजेटी म्हणजे १२० तास, तीन-चार आठवड्यांत संपणारी. अप्रेंटिसशिप जोडलेली पदवी ही वेगळी गोष्ट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीत अशा प्रशिक्षणाला एक ते तीन सत्रं देता येतात, चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार. पूर्ण सत्र वीस क्रेडिटचं धरलं तर सहाशे तास होतात. म्हणून विचारायचं ते असं: किती तास, किती क्रेडिट, आणि ते कुठल्या सत्राच्या गुणपत्रिकेवर दिसणार? उत्तर लेखी घ्या, निदान कॉलेजच्या ईमेलवर तरी. ‘बघू, होऊन जाईल’ हे उत्तर मिळालं तर तिथेच थांबा आणि पुन्हा विचारा.

जर्मनीत याच पद्धतीचं शिक्षण १९७४ पासून बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात चालतं. तिथे विद्यार्थ्याचा करार आधी कंपनीशी होतो, मग साधारण तीन महिने वर्ग आणि तीन महिने कारखाना अशी पाळी लागते, आणि वर्गाच्या महिन्यांतही पगार चालू असतो. दोन्हीकडचं वेळापत्रक संस्थाच जुळवते. आपल्याकडे ते जुळवायचं काम बरंचसं घरावर पडतं, तेव्हा ते नीट करू या.

त्यासाठी स्टेशनरीच्या दुकानातून एक मोठा कार्डशीट आणा आणि त्यावर बारा महिने आखा. कॉलेजचं एका रंगात, कंपनीचं दुसऱ्या रंगात. कॉलेजच्या रंगात सत्राची सुरुवात आणि शेवट, इंटर्नल (कॉलेजची अंतर्गत परीक्षा), प्रॅक्टिकल, जर्नल सबमिशन, विद्यापीठाची परीक्षा. परीक्षेच्या पक्क्या तारखा उशिरा लागतात, म्हणून तो पट्टा पेन्सिलीनं भरा: एक ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, एक मार्च ते मेचा. कंपनीच्या रंगात साप्ताहिक सुट्टी (ती रविवारीच असते असं धरून चालू नका, कितीतरी कारखान्यांत ती वेगळ्या वारी असते), गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या, शटडाऊन (कारखाना बंद ठेवण्याचे दिवस) आणि मार्चअखेरचा स्टॉक मोजण्याचा आठवडा. दोन्ही रंग जिथे एकावर एक येतात तिथे लाल गोल करा. मार्चमध्ये तो गोल हमखास येतो. मग त्या तारखा घेऊन मुलानं स्वतः आधी एचआरकडे जायचं आणि मग आपल्या सुपरवायझरकडे. हे रुजू होण्याआधी किंवा पहिल्या आठवड्यात. नंतर ते ‘सुट्टी मागणं’ होतं, आधी ते नुसतं ‘सांगून ठेवणं’ असतं.

आम्ही हे केलं नव्हतं. इंटर्नलची सूचना मंगळवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आली. लेकीचा फोन कंपनीच्या गेटवर जमा होता, तिनं ती रात्री पाहिली. बुधवारी सुपरवायझरना विचारलं तर ते म्हणाले, लाइनवर माणसं कमी आहेत, उद्या नको. ती थांबली. गुरुवारची परीक्षा गेली. पुन्हा बसायला मिळावं म्हणून कॉलेजनं कंपनीचं पत्र मागितलं, तर कंपनीत म्हणाले, परीक्षा आहे असं आम्हाला कुणी लेखी कळवलंच नव्हतं. दोघांचंही म्हणणं खरं होतं आणि गुण माझ्या लेकीचे गेले. फेरपरीक्षा मिळाली, पण तोपर्यंत पोरीनं किती रात्री जागून काढल्या ते मी पाहिलंय. म्हणून कार्डशीटचं एवढं सांगते.

आता करार. तो सहीच्या दिवशी वाचायला मिळाला तर दहा मिनिटांत काही कळत नाही, तेव्हा दोन दिवस आधी प्रत मागा आणि घरी मोठ्यानं वाचा. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे, नियम वेळोवेळी बदललेत. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक आईबापाला ठाऊक हव्यात. बारावी होऊन लगेच आलेलं मूल बऱ्याचदा सतराचंच असतं. तेव्हा सही पालकाची लागते. धोकादायक उद्योगातल्या कामासाठी वय अठरा पूर्ण हवं, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने भरपूर आहेत, तेव्हा कंपनी काय बनवते हे विचारण्यात संकोच नको. कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे पीएफ, ईएसआयची (कामगार विम्याची) अपेक्षा धरू नका. पण कामावर दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हे कलम १६ मध्ये आहे. ओव्हरटाइम सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय लावता येत नाही. हे मुलाला माहीत असू दे, कारण ‘थांब रे तासभर’ हे प्रेमानंच सांगितलं जातं आणि मूल नाही म्हणत नाही. करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला गेला का आणि त्याचा नंबर काय, हे पहिल्या महिन्यातच पाहा. नोंद नसेल तर पुढे प्रमाणपत्रही नाही.

पैशाचं थोडक्यात. २०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड (विद्यावेतन) शिक्षणाप्रमाणे दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरला. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं तो ३६ टक्के वाढवावा अशी शिफारस केली. रुजू होताना चालू दर कोणता ते विचारा. महिन्याचा स्टायपेंड पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळायला हवा. सरकारी योजनेत त्यातला काही वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो: एनएपीएसमध्ये (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना) पाव हिस्सा, कमाल १,५०० रुपये, आणि एनएटीएसमध्ये (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) निम्म्यापर्यंत. दोन वाटे एकाच दिवशी येतीलच असं नाही, म्हणून रेल्वेपास आणि डब्याचा हिशेब कंपनीच्या वाट्यावरच मांडा.

त्या वाट्यासाठी बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, आणि अडचण येते ती नावात. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव अर्धवट. तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर दुरुस्ती मे महिन्यातच टाका. मुलाचं खातं अल्पवयीन म्हणून उघडलेलं असेल तर अठरा झाल्यावर नव्यानं केवायसी लागते, तेही आधीच उरकून घ्या. अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) आणि क्रेडिट बँकेचं खातं डिजिलॉकरमध्ये उघडतं का ते पाहा, क्रेडिट तिथेच जमा होणार आहेत. बोनाफाईड एकाऐवजी तीन मागून ठेवा. फोटो डझनभर.

प्रवासाचं गणित कळव्याच्या लोकांनी नीट मांडावं. ट्रान्स-हार्बरची (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी) गाडी कळव्याला थांबत नाही, उलटं ठाण्याला जाऊन तिकडून बसायचं, नाहीतर रिक्षानं दिघा गाव किंवा ऐरोली गाठायचं. विद्यार्थी सवलतीचा पास घरापासून कॉलेजच्या स्टेशनापर्यंतच मिळतो. कॉलेज ठाण्यात आणि कंपनी घणसोली, महापेकडे असेल तर पुढच्या टप्प्याचा पास पूर्ण पैशांचा, आणि स्टेशनपासून कंपनीपर्यंत शेअर रिक्षा किंवा एनएमएमटीची बस. रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात एकदा नेमक्या त्याच वेळी जाऊन या, घड्याळ लावून. पावसाळ्यात वीस मिनिटं जास्तीची धरा. पिशवीत मोज्यांचा एक कोरडा जोड. सेफ्टी शूज कंपनी देते का हे विचारा आणि देत असली तरी पहिल्या दिवसापासून आपले बंद बूट घाला, चपला नाहीत. डबा लवकर खराब होणार नाही असा, पाण्याची बाटली मोठी.

आता प्रशिक्षणाची डायरी. क्रेडिट मिळतात ती या वहीच्या जोरावर, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मुलं इथेच कमी पडतात. रोज संध्याकाळी गाडीत बसल्या बसल्या चार ओळी: आज कोणत्या विभागात होतो, कोणतं मशीन किंवा कोणतं रजिस्टर, काय स्वतः केलं आणि काय नुसतं पाहिलं, काय चुकलं. ‘आज काम शिकलो’ असं लिहू नका. ‘व्हर्नियरनं वीस नग मोजले, तीन मापाबाहेर, ते वेगळे ठेवले’ असं लिहा. दर शुक्रवारी सुपरवायझरची सही घ्या, महिन्याच्या शेवटी नाही, कारण महिनाअखेर त्यांना वेळ नसतो आणि मग मुलं तीस दिवस आठवून एका बैठकीत भरतात. परीक्षकाला ते पहिल्या पानावरच दिसतं. सही झालेल्या पानाचा फोटो घरी आल्यावर काढून ठेवा, वही भिजते, हरवते. कंपनीचे आकडे, नकाशे, ग्राहकांची नावं मात्र डायरीत नकोत. काय लिहिलेलं चालेल हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

अभ्यासाची तयारी म्हणाल तर एकच सांगते. ज्या विषयाची भीती वाटते तो विषय रुजू होण्याआधी सुट्टीत निम्मा वाचून ठेवा. दिवसभर उभं राहून आल्यावर नवं काही डोक्यात शिरत नाही, वाचलेलं मात्र उजळता येतं. जुनी केटी (राहिलेला विषय) असेल तर तिची परीक्षा कार्डशीटवर सगळ्यात आधी मांडा. हजेरीची पंचाहत्तर टक्क्यांची अट प्रशिक्षणाच्या दिवसांना कशी लावणार हेही कॉलेजकडून लेखी घ्या.

घरच्यांनीही थोडी तयारी करावी. पहिले दोन महिने मूल चिडचिडं होतं, जेवता जेवता झोपतं. त्या दिवसांत लग्नकार्याला चल, बाजारातून हे आण, असा आग्रह धरू नका. लेकीच्या बाबांनी तेवढ्या काळापुरतं सकाळचं पाणी भरणं आणि डबा स्वतःकडे घेतलं, त्याचा तिला किती आधार झाला ते ती अजून सांगते.

आणि आदल्या रात्री एका जाड कागदावर पेननं लिहा: कॉलेजच्या समन्वयक सरांचा नंबर, सुपरवायझरचा, एचआरचा, घरचे दोन, रक्तगट. फोन गेटवर जमा होतो, नंबर पाठ नसतात. तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ओळखपत्राच्या मागे सरकवून द्या.