फोटो उत्तम, डिझाइन उत्तम, तरी पोस्टर फसतं? सामायिक स्टुडिओतल्या या चुका टाळा

फोटोग्राफर आणि डिझायनर एकाच स्टुडिओत काम करतात तेव्हा बहुतेक घोळ फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना होतो. मजकूर कुठे येणार हे फोटोग्राफरला माहीत नसतं, उजेड कुठून होता हे डिझायनरला माहीत नसतं, आणि दोघंही आपापलं काम चोख करून मोकळे होतात. नंतर निस्तरायला सगळ्यात जड जाणाऱ्या चुका आधी घेतल्या आहेत.

लेआउट न बघता फ्रेम भरून टाकणं

बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांची फ्रेम ३:२ प्रमाणात असते. चौकोनी पोस्टसाठी त्यातला एक तृतीयांश भाग कापला जातो. १६:९ च्या आडव्या बॅनरसाठी वरून-खालून मिळून सुमारे १६ टक्के जातो. वस्तू कडेला भिडवून टिपली असेल तर कापायला जागाच उरत नाही. मग डिझायनर पार्श्वभूमी ताणतो, क्लोन करतो, म्हणजे शेजारचा भाग तिथे चिकटवतो, आणि एका छटेतून दुसरीत जाणाऱ्या गुळगुळीत ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसायला लागतात.

आडव्या फ्रेममधून उभं पोस्टर काढणं हा याच चुकीचा महागडा प्रकार. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल साधारण ६०००×४००० पिक्सेलची. तिच्यातून उभा ए-४ कापला तर उंचीला ४००० पिक्सेल मिळतात. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ए-४ साठी ३५०८ पिक्सेल लागतात आणि दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीसाठीची जादा जागा, धरला तर सुमारे ३५७९, म्हणजे काम भागतं. उभ्या ए-३ ला मात्र ४९६१ हवेत. तिथे तुमच्या हातात जेमतेम २४० पीपीआय उरतात, तेही पुढे काहीही न कापता. म्हणून पोस्टर उभं असेल तर कॅमेराही उभाच धरा.

उपाय शूटच्या आधीच करायचा आहे. डिझायनरने लेआउटचा कच्चा आराखडा पारदर्शक पीएनजी म्हणून द्यावा: शीर्षकाची चौकट, लोगोची जागा, कापण्याच्या रेषा, एवढं पुरे. टेदर शूटिंगच्या, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडून टिपण्याच्या, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अशी फाइल थेट चित्रावर ओव्हरले करता येते. बाटलीचं बूच शीर्षकात घुसतंय हे तिथल्या तिथे दिसतं आणि बाटली चार बोटं खाली सरकवली की काम होतं. शिवाय प्रत्येक सेटअपची एक फ्रेम चारही बाजूंनी सैल घेऊन ठेवा. ती वापरली जाणार नाही असं वाटतं, पण आयत्या वेळी बॅनरचं माप बदललं की तीच तारून नेते.

सावलीचाही याच यादीत समावेश करा. फोटोत मुख्य दिवा (की लाइट) डावीकडून असेल तर वस्तूची सावली उजवीकडे पडते. डिझायनरने अक्षरांना किंवा कापून बसवलेल्या दुसऱ्या वस्तूला डावीकडे सावली दिली, तर बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय हे सांगता येत नाही, पण खटकतं नक्की. आराखड्याच्या कोपऱ्यात उजेडाच्या दिशेचा एक बाण काढून ठेवला की हा प्रश्न मिटतो.

स्क्रीनवर झळझळीत, कागदावर काळपट

ही तक्रार आली की दोष छपाईवाल्याला दिला जातो. बऱ्याचदा दोष मॉनिटरच्या उजेडाचा असतो. कारखान्यातून आलेला मॉनिटर गरजेपेक्षा कितीतरी प्रखर असतो, त्यामुळे फोटो उजळ वाटतो आणि एडिट करणारा तो आणखी गडद करतो. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा आणि मग कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) लावून पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन, मधल्या छटांचा गॅमा २.२ आणि उजेड ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर यांवर आणा. महिन्यातून एकदा पुन्हा तपासा. फोटोग्राफर आणि डिझायनर यांचे मॉनिटर एकाच यंत्राने, एकाच आकड्यांवर आणायचे, नाहीतर दोघं वेगवेगळ्या चित्रांवर वाद घालत बसतात. छापील नमुना ५००० केल्विनच्या चांगल्या दिव्याखाली बघा. छताच्या पिवळट बल्बखाली तपासलेला प्रूफ काहीच सांगत नाही.

रंग फिके आणि मेल्यासारखे दिसत असतील तर प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंगांचे आकडे कसे वाचायचे हे सांगणारी माहिती, तपासा. अ‍ॅडोबी आरजीबी या मोठ्या रंगपट्ट्यात निर्यात केलेली फाइल प्रोफाइल न जोडता वेबवर गेली, की ब्राउझर ती वेबच्या नेहमीच्या एसआरजीबीमधली समजून दाखवतो आणि लाल-हिरवे रंग फिके पडतात. वेबसाठी एसआरजीबीमध्ये रूपांतर करून प्रोफाइल जोडलेलं जेपेग द्या. रूपांतर करणं आणि नुसतं प्रोफाइलचं लेबल बदलणं या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. दुसरी चुकून दिली तर आकडे तेच राहतात आणि रंग बदलतात.

छपाईसाठी घाईने सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) करू नका. आधी प्रेसकडून त्यांचं प्रोफाइल मागा, आरजीबी फाइलवर सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल याची स्क्रीनवरची झलक) बघा आणि रूपांतर शेवटी करा. झगझगीत निळा, पोपटी आणि भडक नारिंगी हे रंग शाईत येत नाहीत. ब्रँडचा रंग यांपैकी असेल तर क्लायंटला हे मंजुरीच्या आधी सांगायला हवं. एकूण शाईची, म्हणजे चारही शायांच्या टक्क्यांच्या बेरजेची, मर्यादाही प्रेसला विचारा. चकचकीत कागदावर ती बहुधा ३०० टक्क्यांच्या आसपास असते, तिच्यापुढे गेलात तर शाई वाळत नाही आणि मागच्या पानाला लागते. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, म्हणजे के १०० मध्ये ठेवा. तो चार शायांत गेला आणि प्लेट केसभर सरकली, तरी अक्षरांना रंगीत कडा येतात.

आता एक कारण जे डिझायनरच्या लक्षात येणं कठीण, कारण त्याने शूट पाहिलेलंच नसतं: स्टुडिओची रंगीत भिंत. शोभेसाठी एखादी भिंत टेराकोटा किंवा हिरवी रंगवली, की तिच्यावरून परतणारा उजेड पांढऱ्या वस्तूच्या एकाच बाजूला रंग लावतो. सगळ्या फोटोचा रंग सारखाच हलवणाऱ्या व्हाइट बॅलन्सने तो जात नाही, कारण दुसरी बाजू ठीक असते. भिंत आणि वस्तू यांच्या मध्ये काळा किंवा पांढरा मोठा फोमबोर्ड उभा करा. प्रत्येक उजेडाची पहिली फ्रेम ग्रे कार्डसह (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) घ्या आणि ती फ्रेम डिझायनरकडेही जाऊ द्या.

मूडबोर्डची नक्कल

मूडबोर्ड म्हणजे कामाचा बाज ठरवण्यासाठी जमवलेली संदर्भचित्रं. चाळीस चित्रांचा मूडबोर्ड म्हणजे काहीच न ठरवणं. पाच-सहा चित्रं ठेवा आणि प्रत्येकाखाली ते कशासाठी निवडलं ते लिहा: उजेडासाठी, रंगासाठी, मोकळ्या जागेसाठी की पोतासाठी. हे लिहिलं नसेल तर फोटोग्राफर उजेड उचलतो, डिझायनर अक्षरांची शैली उचलतो, आणि दोन्ही एकाच पानावर भांडतात.

संदर्भचित्र वाचायचं कसं? डोळ्यातला चमकता ठिपका बघा. चौकोनी असेल तर सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी पेटी) किंवा खिडकी, गोल असेल तर ऑक्टा (आठ कोनांचा सॉफ्टबॉक्स) किंवा ब्युटी डिश (दिव्याला लावायची गोल थाळी). सावलीची कड मऊ असेल तर उजेडाचा उगम वस्तूच्या मानाने मोठा किंवा जवळ होता. पार्श्वभूमी किती अंधारली आहे तेही बघा, इथेच बहुतेक नकला फसतात. दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि भिंत चेहऱ्यामागे २ मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या एक नवमांश उजेड मिळतो, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तोच दिवा ३ मीटरवर नेला तर फरक दीड स्टॉपवर येतो आणि राखाडी भिंत फिकट दिसू लागते. पडदा तोच, दिवा तोच, तरी ‘तसं येत नाही’ म्हणून सॉफ्टवेअरमध्ये भिंत काळी करत बसण्यापेक्षा दिवा जवळ आणा.

जुन्या कामांकडून पद्धत घ्यावी. अमेरिकन फोटोग्राफर आयर्विंग पेन यांनी १९४८ मध्ये दोन फळ्या चिंचोळ्या कोनात उभ्या करून मान्यवरांना त्या कोपऱ्यात उभं केलं. तो कोपरा जसाच्या तसा उभारण्यात फारसं काही नाही. माणसाला अडचणीची जागा दिली की तो ती कशी व्यापतो, हा प्रश्न मात्र आजही कामाचा आहे. कलासंचालक अलेक्सी ब्रोडोविच यांनी १९३४ ते १९५८ या काळात ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकाची पानं रचताना कोरी जागा आणि धीट कापणी वापरली. फोटोग्राफर आणि डिझायनर यांनी ती पानं एकत्र बसून बघावीत.

दुसऱ्याने वापरलेलं सामान

कॅमेरा हातात घेतला की आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फाइलचा प्रकार आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन बघा. आधीच्याने जेपेग ठेवलं असेल तर रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली) फाइल नंतर कुठूनही आणता येत नाही. दोन कॅमेरे असतील तर त्यांची घड्याळं जुळवा, नाहीतर वेळेनुसार लावलेल्या फ्रेम एकमेकींत विस्कटतात.

फ्लॅश आपोआप उडतोय? शेजारच्या सेटवर तोच रेडिओ चॅनेल असेल किंवा तुमचा फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हवर (दुसरा फ्लॅश दिसला की उडणारी सेटिंग) राहिला असेल. प्रत्येक सेटचा चॅनेल नंबर फ्लॅश उडवणाऱ्या ट्रिगरवर चिकटपट्टीने लिहून ठेवा. फ्रेमच्या लांब कडेला काळी पट्टी येत असेल तर शटर सिंक वेगापुढे (फ्लॅशसोबत चालणारा कमाल वेग) गेलं आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ती मर्यादा १/२०० किंवा १/२५० सेकंद असते आणि रेडिओ ट्रिगर थोडा उशीर करत असेल तर १/१६० वर यावं लागतं. एलईडीखाली आडवे पट्टे दिसले तर ५० हर्ट्‌झच्या विजेवर १/५० किंवा १/१०० ठेवून बघा. कागदी बॅकड्रॉपचा रोल उभा ठेवा, आडवा टेकवला की मधे वाकतो आणि लाटा पडतात.

फाइल देताना

‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंच फायनल’ ही नावं बंद करा. तारीख, काम, आवृत्ती: २०२५-०३-१४_चहा_व०३. फोटो सांभाळायच्या लाइटरूम क्लासिक सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (फोटोंची नोंदवही) नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून दोघांना वापरता येत नाही, तो त्यासाठी बनलेलाच नाही. रॉ फाइल सामायिक ड्राइव्हवर, कॅटलॉग एकाच्याच संगणकावर, आणि डिझायनरला १६ बिट टिफ. पानं रचायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरची फाइल नुसती पाठवली तर चित्रांच्या लिंक तुटतात. पॅकेज करून पाठवली की चित्रं आणि फॉन्ट सोबत जातात, मात्र ज्या फॉन्टचा परवाना तशी मुभा देत नाही ते समोरच्याला स्वतः बसवावे लागतात.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, पण वेगवेगळ्या डिस्कवर दोन प्रती झाल्यावर आणि दोन्हींतल्या काही फाइल उघडून पाहिल्यावरच. फोल्डरचा आकार जुळला म्हणून कॉपी शाबूत असेल असं नाही.