सालगड्याला किमान वेतन मिळते का? हिशेब असा करा

पाडव्याला सालगड्याचे साल, म्हणजे शेतावरच्या वर्षभराच्या कामाची बोली, ठरते तेव्हा बोलणी एकाच आकड्यावर होतात: वर्षाचे इतके, उचल (आगाऊ रक्कम) इतकी, वर धान्य इतके. तासांचा विषय निघतच नाही. कायद्याने मात्र पगाराचा काळ एका महिन्यापेक्षा मोठा धरता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता शेतीलाही लागू आहे आणि गडी कमी पैशांवर राजी झाला, तरी किमान वेतनाचा त्याचा हक्क जात नाही.

१. आधी दर काढा. जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात शेतीकामाचा चालू दर विचारा. मूळ दराबरोबर महागाईचा भत्ता आहे का, तेही विचारा.

२. रोजचे तास वहीत लिहा. खरी गफलत इथेच होते. पहाटेच्या धारा, वैरणकाडी, रात्रीची लाईट असली की दारे धरणे (पिकाला पाणी देणे), पीक तयार झाल्यावर राखण, हे सगळे कामच आहे. ‘तो वस्तीवरच राहतो’ म्हणून ते फुकट धरता येत नाही. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर वही त्याच्याकडे द्या.

३. आता भागाकार. समजा साल १,२०,००० रुपयांचे आहे, म्हणजे महिन्याला १०,०००. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास धरले तर तासाला साधारण ४८ रुपये पडतात. पण जनावरांना सुट्टी नसते. तीसही दिवस १२ तास राबणाऱ्याला तासाला २८ रुपयेसुद्धा पडत नाहीत. हा आकडा सरकारी दराशी ताडून पाहा.

४. हिशेब महिन्यामहिन्याचा ठेवा. पेरणी-काढणीतले जादा तास उन्हाळ्यातल्या रिकाम्या दिवसांत जिरवता येत नाहीत. ठरलेल्या तासांपुढच्या कामाला दुप्पट दर आहे. गडी कामाला तयार असताना पावसाने किंवा मालकाने काम थांबवले, तर त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी लागते. तो खाडा नव्हे.

५. राहायच्या खोलीची किंमत पगारात मोजू नका. धान्य मोजता येते, पण एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच. उचल फेडताना सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगाराच्या वर जाऊ नयेत. उचल फिटली नाही म्हणून गड्याला अडकवून ठेवणे ही तर वेठबिगारी आहे, आणि १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

६. कमी पडले तर आधी वही घेऊन मालकाशी बोला. बरेच शेतकरी स्वतःच ओढगस्तीत असतात, पण ती ओढ गड्याच्या पोटावर काढणे न्याय्य नाही. नाहीच जमले तर कामगार कार्यालयामार्फत दावा करा. त्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि थकबाकीवर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. शेतीवर पाच किंवा त्याहून कमी माणसे असतील तर मालकाला हजेरीपुस्तक ठेवण्याची सक्ती नाही. तरीही दावा झाल्यावर पैसे दिल्याचा पुरावा त्यालाच द्यावा लागतो. म्हणून शेतकऱ्यांनीही पगार बँकेत जमा करावा किंवा दर महिन्याला सही घ्यावी.