भाजी धुताना सोडा किती, वेळ किती

भाजीवर फवारलेल्या कीटकनाशक औषधाचा अंश काढायचा असेल तर एक लिटर पाण्यात दोन सपाट चमचे (साधारण 10 ग्रॅम) खायचा सोडा विरघळवा. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची त्यात 12 ते 15 मिनिटं बुडवून ठेवा, मग नळाच्या धारेखाली हाताने चोळून धुवा. दोन मिनिटांत काढलं तर फारसा उपयोग नाही, कारण सोड्याला औषधाचं विघटन करायला वेळ लागतो. मिठाच्या पाण्याने फ्लॉवरमधल्या अळ्या बाहेर येतात, पण फवारणीचं औषध काढण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका. भांड्याचा साबण तर नकोच, तो सालीत मुरतो.

भेंडी देठासकट धुवून, फडक्याने कोरडी करून मगच चिरा. आधी चिरली की पाणी आत शिरतं आणि भाजीला तार सुटते ती वेगळीच. मेथी-कोथिंबिरीची जुडी सोडून मोठ्या पातेल्यात खळबळा आणि पालेभाजी वर उचलून घ्या. पाणी ओतून दिलंत तर तळाची माती पुन्हा पानांवर बसते.

इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं मात्र झाडाच्या रसात भिनतात, ती धुऊन जात नाहीत. वरवरच्या फवारणीसाठी कोबीची बाहेरची दोन-तीन पानं काढून टाका.