पेशींचं प्रात्यक्षिक: जर्नलात दरवर्षी दिसणाऱ्या या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राची जर्नलं तपासता तपासता एक सवय लागली आहे. आकृती बघून ओळखायचं, की या पोराने सूक्ष्मदर्शकात डोकावलं तरी होतं का. बहुतेकांनी डोकावलेलं नसतं. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती म्हणून वहीत उतरलेली असते ती पुस्तकातली 'वनस्पती पेशी', हिरव्या-जांभळ्या रंगीत पेन्सिलींसकट. प्राणीपेशी म्हणून एक छान गोल अंडं. आणि जीवाणू म्हणजे शेपूट असलेली एक कॅप्सूल, इतर दोघांएवढ्याच आकाराची.

वनस्पती, प्राणी आणि जीवाणू या तिन्ही पेशी शाळा-कॉलेजच्या साध्या साधनांनी बघता येतात. कांदा, गालाच्या आतलं अस्तर आणि दही, एवढ्यावर भागतं. घोळ होतो तो घाईमुळे आणि गाईडमुळे.

कांद्यात सगळी पुस्तकी अंगकं (पेशीचे आतले भाग) काढणं

ही माझी सर्वांत नावडती चूक, म्हणून हिच्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे.

कांद्याच्या आतल्या पापुद्र्यावर आयोडीन किंवा सॅफ्रानिन टाकून १०० पट वर्धनाखाली ठेवलं, की दिसतं काय? लांबट, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी, त्यांच्या स्पष्ट भित्तिका आणि बहुतेक पेशींत एक रंगलेलं केंद्रक. ४०० पटीला गेलात आणि प्रकाश नीट असला, तर भित्तिकेलगत पेशीद्रव्याचा पातळ, दाणेदार थर आणि केंद्रकात एखादी केंद्रकी, म्हणजे आतला गडद ठिपका. संपलं. मधला एवढा मोठा मोकळा भाग म्हणजे रिक्तिका, रसाने भरलेली पिशवी. ती 'दिसत नाही' म्हणून काढायची नाही असं नव्हे, ती मोकळी जागाच रिक्तिका आहे.

रायबोझोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, दिसत नाहीत. दिसणारही नाहीत, कितीही फोकस फिरवा. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, आणि रायबोझोम त्याच्याही जवळपास दहावा भाग. आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीद्रव्यातलं पटलांचं जाळं, माणसाला पहिल्यांदा नीट दिसली तीच १९४५ मध्ये, तीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. ती तुमच्या प्रयोगशाळेतल्या, आरसा सैल झालेल्या सूक्ष्मदर्शकात मंगळवारच्या बॅचला कशी दिसली?

आणि हरितलवकं! कांदा जमिनीत वाढतो, त्याच्या मांसल पानांत अन्न साठवलेलं असतं, तिथे हरितलवकं नसतात. तरी दरवर्षी हिरवे ठिपके येतातच. हरितलवकं बघायची असतील तर मत्स्यालयाच्या दुकानातून हायड्रिलाची एक काडी आणा, शेंड्याजवळचं एक कोवळं पान पाण्याच्या थेंबात ठेवा. रंगद्रव्य नको, काही नको. नशीब चांगलं असलं, तर दिव्याच्या उबेने थोड्या वेळात ती हिरवी कणकं पेशीच्या कडेकडेने सरकू लागतात. हे बघितलेलं पोर पुन्हा कधी कांद्यात हिरवा रंग भरत नाही.

एका कॉलेजात बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. टेबलावर जर्नलांचा गठ्ठा, सगळ्यांत तीच आकृती, तीच नावं, 'गॉल्जी पिंड' या शब्दाचा बाणसुद्धा त्याच कोनात. त्यात एका मुलीची आकृती वेगळी निघाली. आठ-दहा पेशी, काहींच्या भित्तिका कागदाच्या कडेला अर्धवट तुटलेल्या, केंद्रक एका पेशीत मध्यभागी, दुसरीत कडेला चिकटलेलं, दोन पेशींत अजिबात नाही. खाली वर्धन लिहिलेलं. आणि त्यावर लाल पेनाने शेरा: 'आकृती अपूर्ण. पुन्हा काढा.' पुढच्या पानावर तिने पुन्हा काढली होती, सगळ्यांसारखी.

मी तिला विचारलं, पहिली आकृती कशी काढलीस? म्हणाली, "सर, दिसलं तसं काढलं होतं." केंद्रक दोन पेशींत का नाही? "ते वर-खाली असतं ना, बारीक स्क्रू फिरवला की येतं." पूर्ण बॅचमध्ये केंद्रकाबद्दल हे एकच उत्तर धड होतं. मी तिला पहिल्या आकृतीचे गुण दिले. तिथल्या सरांना ते फारसं रुचलं नाही, हे त्यांच्या चहावरून कळलं.

ती म्हणाली ते समजून घ्या, कारण यावर तोंडी परीक्षेत हमखास घसरतात. कांद्याची पेशी हा काडेपेटीसारखा बंद डबा आहे. रिक्तिकेने पेशीद्रव्य सगळीकडून भित्तिकेशी दाबून धरलेलं असतं आणि केंद्रक त्या पातळ थरातच असतं. ते बाजूच्या भिंतीला असलं तर कडेला दिसतं, आणि वरच्या किंवा खालच्या भिंतीला असलं तर मध्यभागी तरंगल्यासारखं. म्हणून 'वनस्पती पेशीत केंद्रक कडेला असतं' हे खरं असूनही तुमच्या काचपट्टीवर निम्म्या पेशींत ते मध्ये दिसतं. बारीक स्क्रू हळू फिरवा, भित्तिका अस्पष्ट होते आणि केंद्रक उमटतं. ते वेगळ्या पातळीवर आहे हे तिथेच सिद्ध झालं.

हवेचा बुडबुडा म्हणजे पेशी

अगदी गोल, जाड काळी कड, आत लखलखीत मोकळं. तो बुडबुडा आहे. पेन्सिलीच्या टोकाने आच्छादक काच हलकी दाबली की सरकतो किंवा आकार बदलतो. काच एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने सावकाश खाली सोडली तर बुडबुडे येतच नाहीत. वरून टपकन टाकली की येणारच.

थेट मोठ्या भिंगाला हात

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आधी १०एक्सच्या वस्तुभिंगाखाली पेशी मध्यभागी आणायची, मगच ४०एक्स, आणि त्यानंतर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही. करकन आवाज आला की कोणीतरी लावला हे मला पाठीमागूनही कळतं.

पेशीभित्तिका आहे म्हणून पेशीपटल नाही, असं समजणं

'प्राणीपेशीला पेशीपटल असते, वनस्पती पेशीला पेशीभित्तिका असते.' या वाक्याला मी अर्धाही गुण देत नाही. पेशीपटल तिन्ही पेशींना असतं. वनस्पतीत त्याच्या बाहेर सेल्युलोजची भित्तिका असते, बहुतेक जीवाणूंत पेप्टिडोग्लायकनची, प्राण्यांत भित्तिका नाही. जीवाणूंची भित्तिका सेल्युलोजची असते असं लिहिणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की पेनिसिलिन पेप्टिडोग्लायकनची जोडणी अडवतं. आपल्या पेशींत ते नाहीच, म्हणून त्या बचावतात. मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नसते, म्हणून त्याच्यावर पेनिसिलिन चालत नाही.

पण वनस्पतीत पटल आणि भित्तिका चिकटून असतात, मग वेगळं दाखवायचं कसं? माझा ठरलेला उपाय म्हणजे लाल कांदा. पापुद्रा मात्र बाहेरच्या, फुगीर बाजूचा काढायचा, कारण जांभळा रंग तिथल्या पेशींच्या रिक्तिकेत असतो. आतल्या बाजूचा पापुद्रा सहज सुटतो म्हणून सगळे तोच काढतात आणि मग रंग दिसत नाही म्हणून कुरकुरतात. पट्टीवर पाण्यात ठेवून बघा, पेशी काठोकाठ जांभळी. आता आच्छादक काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टीपकागद लावा. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटून आकसतो आणि भित्तिका जागच्या जागी राहते. हाच रससंकोच. आकसलेल्या भागाची कड हे तुमचं पेशीपटल. लगेच साधं पाणी ओढून घेतलंत तर तो पुन्हा फुगतोही. व्हिडिओ बघून हे होत नाही, कारण व्हिडिओत कांदा नेहमी पहिल्या खेपेलाच ऐकतो.

दह्यातले 'पळणारे' जीवाणू

दुसरी लाडकी चूक. मुलं दह्याचा घट्ट गोळा पट्टीवर फासतात, वर काच ठेवतात, ४०० पटीला बघतात आणि ओरडतात, "सर, जीवाणू पळतायत!"

दिसतात ते बहुतेक स्निग्धांशाचे गोल थेंब आणि प्रथिनांचे कण. ते थरथरतात, पळत नाहीत. आजूबाजूच्या पाण्याचे रेणू त्यांना सतत धडकतात म्हणून ती थरथर होते. रॉबर्ट ब्राऊनने १८२७ मध्ये परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची हीच हालचाल पाहिली होती, म्हणून तिला ब्राऊनीय गती म्हणतात. आणि गंमत म्हणजे पेशीतल्या केंद्रकाला नाव देणारा ब्राऊनही हाच, १८३१ मध्ये. त्याने निर्जीव पदार्थाची बारीक पूडही पाण्यात टाकून बघितली, तीही हलली, म्हणून 'हलतं म्हणजे जिवंत' हा निष्कर्ष त्याने सोडून दिला. तुम्हीही सोडा. विरजणातले नेहमीचे लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकॉकस यांना कशाभिका नसते, ते पोहत नाहीत. तेव्हा दह्याच्या जीवाणूला शेपूट काढू नका.

माझी पद्धत अशी. दह्यावरची निवळी घ्यायची, गोळा नाही. तीही थेंबभर पाण्यात पातळ करायची. पट्टीवर इतकी पातळ पसरायची, की खालचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. हवेत वाळू द्यायची. फुंकर नको, पंखा नको, धीर धरा. मग काच ज्योतीवरून दोन-तीनदा झपकन फिरवायची. हाताच्या मागच्या बाजूला कोमट लागली पाहिजे, चटका बसला तर जास्त झालं. क्रिस्टल व्हायोलेट किंवा मेथिलीन ब्लू मिनिटभर, मग हलक्या धारेने धुवायचं. नळाखाली धरलीत तर दही मोरीत आणि तुम्ही रिकाम्या काचेसमोर. बघायचं १००एक्सच्या तेलाच्या भिंगाखाली. काड्यांसारखे दिसतात ते लॅक्टोबॅसिलस, माळेत किंवा जोडीत ठिपके दिसतात ते कॉकस. त्यांच्या आत काही दिसत नाही. तेव्हा आत काही काढायचंही नाही.

पुस्तकी जीवाणूच्या आकृतीत पटल आत वळून बनलेला 'मेसोझोम' असतो आणि त्याला श्वसनाचं काम दिलेलं असतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी रसायनांनी नमुना तयार करताना ती वळी पडते, असं १९७० च्या दशकातच लक्षात आलं होतं. परीक्षेत विचारलं तर पुस्तकाप्रमाणे लिहा, गुण घ्या. पण जीवाणूत असं काही खरंच असतं, असं मनात धरू नका.

वनस्पतीत तंतुकणिका नसतात

असतात. हरितलवक साखर बनवतं, ती वापरून ऊर्जा काढायचं बरंचसं काम तंतुकणिकेचं, दिवसा आणि रात्री. मुळाच्या पेशीत हरितलवक नसतं, तिथे तर तंतुकणिकेशिवाय भागतच नाही. जीवाणूत मात्र दोन्ही नसतात. श्वसन पटलावर चालतं.

७० एस आणि ८० एस

रायबोझोमचं माप 'एस'मध्ये देतात: जीवाणूंत ७० एस, वनस्पती-प्राण्यांच्या पेशीद्रव्यात ८० एस. ७० एसचे दोन तुकडे ५० एस आणि ३० एस. ५० अधिक ३० म्हणजे ८०, म्हणून '७० एस' ही छपाईची चूक, असं एका मुलाने पुस्तकात खोडून ठेवलं होतं. हा एस वजनाचा नाही, अतिवेगाने फिरवल्यावर कण किती वेगाने खाली बसतो त्याचा आहे. त्याची बेरीज होत नाही. आणि 'वनस्पती पेशीत फक्त ८० एस' हेही चूक. हरितलवकाच्या आत ७० एसच असतात आणि तंतुकणिकेचेही स्वतःचे असतात. कधीकाळी मोठ्या पेशीत शिरून राहिलेल्या जीवाणूंपासून ही अंगकं आली, या मताला हाही एक आधार.

गालाच्या पेशी: निळा चिखल

मेथिलीन ब्लूचा एकच थेंब, तोही पातळ. स्वच्छ टूथपिकच्या बोथट बाजूने हलकं फिरवायचं, रक्त काढायचं नाही, आणि टूथपिक लगेच कचऱ्यात, मित्राला द्यायची नाही. पेशी गोल दिसणार नाही. चपटी, वेडीवाकडी, कडा दुमडलेली, मध्ये गडद केंद्रक. तिच्यावर निळे बारीक ठिपके दिसले तर रंगाचे कण म्हणून सोडून देऊ नका, त्यातले बरेचसे तोंडातले जीवाणू असतात. पेशी साधारण ६० मायक्रोमीटर, तो ठिपका एखादा मायक्रोमीटर. तिन्ही पेशी वहीत एकाच मापाच्या काढणाऱ्यांना मी हे दाखवायला परत सूक्ष्मदर्शकाकडे पाठवतो.

मापाचा अंदाज हवा असेल तर १०एक्सच्या भिंगाखाली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठेवा. नेहमीच्या नेत्रिकेतून जवळपास दोन मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं. त्यात कांद्याच्या किती पेशी लांबीने मावतात ते मोजा आणि भागा. एवढा भागाकार करायचाही पुष्कळांना कंटाळा येतो.

आणि तेलाचं भिंग वापरून झाल्यावर लेन्स पेपरने पुसून ठेवा. रुमालाने नाही, ओढणीने नाही, शर्टाच्या टोकाने तर नाहीच. वाळलेल्या तेलातून पुढच्या बॅचला जे धुकं दिसतं, त्याला ती मुलं 'पेशीद्रव्य' असं नाव देऊन मोकळी होतात.